वाक्य चुकते म्हणजे काय?

काही महिन्यांपूर्वी आमच्या इंदूर शहरात भाषा या विषयावर एक व्याख्यान झाले. वक्ते विद्वान होते, त्यांची वाणी रसाळ होती आणि विषयाची तयारीही उत्तम होती. त्या व्याख्यानातील दोन विधाने माझ्या मनात घर करून राहिली. पहिले विधान आरंभी आले. इंदूरकडील मराठी माणूस 'मी जेवून राहिलो' असे बोलतो, ही मराठीची विटंबना आहे, असे वक्ते म्हणाले. सभागृहात हशा पिकला. दुसरे विधान अखेरीस आले. संगणकासाठी जगातील सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे, कारण तिची वाक्यरचना निर्दोष आहे, आणि हे खुद्द अमेरिकेतील 'नासा'ने मान्य केले आहे, असे ते म्हणाले. या वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला. हसणाऱ्यांत आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, हे प्रारंभीच कबूल करतो.

घरी आल्यावर मात्र वाटू लागले की ही दोन्ही विधाने एकाच गैरसमजाच्या पोटी जन्मलेली आहेत. वाक्यरचना म्हणजे आधी कोणीतरी घालून दिलेला कायदा, तो पाळणारे वाक्य शुद्ध आणि मोडणारे अशुद्ध, ही ती समजूत होय. संगणकाच्या भाषांना ती तंतोतंत लागू पडते. माणसाच्या भाषेला ती कितपत लागू पडते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी भाषाशास्त्राचा अभ्यासक नाही. राज्य शासनाच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ आदेशांचे मसुदे लिहिले आणि निवृत्तीनंतर व्याकरणाची थोडी पुस्तके वाचली, एवढाच माझा अधिकार.

प्रथम 'नासा'ची गोष्ट घेऊ. या दंतकथेचे मूळ एका खऱ्या लेखात आहे. रिक ब्रिग्ज हे संशोधक 'नासा'च्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राशी संबंधित होते. त्यांचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील लेख १९८५ साली 'एआय मॅगझिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो एका संशोधकाचा स्वतःच्या नावावरचा लेख होता. तो संस्थेचा ठराव नव्हता आणि संस्थेचा निर्णयही नव्हता. त्यात संस्कृतमध्ये आज्ञावली लिहाव्यात असेही प्रतिपादन नव्हते. ब्रिग्ज यांचा विषय वेगळा आणि पुष्कळच मोलाचा होता. वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून त्या काळचे संशोधक क्रिया, कर्ता, कर्म, साधन, स्थान असे घटक सुटे करून त्यांच्यातील संबंधांचे जाळे मांडत असत. नागेशभट्टासारख्या उत्तरकालीन वैयाकरणांनी शाब्दबोधाच्या चर्चेत नेमके हेच काम कितीतरी आधी केले होते, हे ब्रिग्ज यांनी दाखवले. नागेशभट्ट हा काशीत राहून ग्रंथरचना करणारा महाराष्ट्रीय. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांना त्याच्याविषयी थोडी अधिक आत्मीयता वाटावी हे साहजिकच आहे.

ब्रिग्ज यांचे निरीक्षण खरे आहे. दोष त्यापुढील उडीत आहे. वैयाकरण जेव्हा 'चैत्र गावाला जातो' या साध्या वाक्याचे विवरण करतो, तेव्हा तो एक अवघड, पारिभाषिक, मुद्दाम घडवलेली संस्कृत वापरतो. गावाशी संयोग घडवणारा, वर्तमानकाळात चाललेला आणि चैत्र ज्याचा कर्ता आहे असा व्यापार, अशा धर्तीचे ते विवरण असते. बाजारात किंवा नाटकात असे कोणी बोलत नव्हते. निःसंदिग्धपणा असेल तर तो या विवरणाच्या भाषेत आहे, विवरण ज्या वाक्याचे केले त्या वाक्याच्या भाषेत नव्हे. मूळ वाक्यातच सारे स्पष्ट असते, तर विवरणाची गरजच भासली नसती.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. या विवरणाबाबत आपल्या शास्त्रांचेच एकमत नाही. वैयाकरणांच्या मते वाक्यार्थात क्रियेचा व्यापार मुख्य असतो. नैयायिकांच्या मते प्रथमान्त पदाचा अर्थ, म्हणजे येथे चैत्र, मुख्य असतो. मीमांसक भावनेला मुख्य मानतात. एकाच वाक्याची अशी तीन विवरणे तीन दर्शनांनी केली आणि शतकानुशतके त्यांवर वाद घातला. त्यांपैकी कोणते यंत्राला द्यायचे? संस्कृतने हा प्रश्न सोडवला म्हणून तिचा गौरव करणे मला पटत नाही. तिच्या अभ्यासकांनी तो इतक्या बारकाईने उपस्थित केला, यासाठी त्यांचा गौरव व्हावा. टाळ्यांची जागा थोडी चुकते, एवढेच माझे म्हणणे.

पाणिनीविषयीही हेच म्हणावे लागते. त्याच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रे आहेत आणि त्या सूत्रांची भाषा हा मानवी बुद्धीचा एक चमत्कार आहे. 'प्रति' आणि 'एक' मिळून 'प्रत्येक' होते, 'अति' आणि 'अंत' मिळून 'अत्यंत' होते, हे आपण शाळेत शिकलो. हा नियम पाणिनी तीन लहानशा पदांत सांगतो. ज्याच्या जागी बदल होतो ते षष्ठीत, जे येते ते प्रथमेत आणि जे पुढे असताना बदल होतो ते सप्तमीत, असा त्याचा संकेत आहे. विभक्तीचे नेहमीचे अर्थ बाजूला ठेवून त्याने तिला खुणेचे काम दिले. अमेरिकेतील जॉन बॅकस यांनी १९५९ साली संगणकभाषेची वाक्यरचना लिहिण्यासाठी एक चिन्हपद्धती मांडली. डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांनी संपादित केलेल्या 'अल्गोल ६०' या संगणकभाषेच्या अहवालात ती वापरली गेली. पुढे १९६७ साली इंगरमन या अभ्यासकाने सुचवले की या पद्धतीला 'पाणिनी-बॅकस' असे नाव द्यावे. ती सूचना रूढ झाली नाही, पण ती न्याय्य होती. मात्र साम्य कशात आहे ते पाहा. बॅकसची पद्धती म्हणजे संगणकभाषा नव्हे, ती संगणकभाषेचे वर्णन करण्याची भाषा आहे. पाणिनीची सूत्रभाषा ही संस्कृतचे वर्णन करण्याची भाषा आहे. नकाशा रेखीव आहे म्हणून गावातले रस्तेही सरळच असतील, असे आपण म्हणत नाही.

आणि संस्कृतचे रस्ते सरळ नाहीत, हे संस्कृत कवींनीच अभिमानाने सांगितले आहे. कविराजाच्या 'राघवपाण्डवीय' या काव्यात त्याच श्लोकांतून रामायणाची आणि महाभारताची अशा दोन्ही कथा चालतात. पदे वेगळी तोडली, समास वेगळा सोडवला, की राम जातो आणि पांडव येतात. ज्या भाषेत हे साधते ती निःसंदिग्ध कशी म्हणावी? श्लेष हा तर तिचा मान्यताप्राप्त अलंकार आहे. संदिग्धता हे तिचे वैभव आहे, ते आपणच नाकारण्याचे कारण नाही.

त्याहून मार्मिक कथा पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच उल्लेखिलेली आहे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला. मंत्रात 'इन्द्रशत्रु' असे पद होते. इंद्राचा शत्रू, म्हणजे इंद्राला मारणारा, असा तत्पुरुष अभिप्रेत होता. स्वर चुकीच्या जागी पडला आणि पद बहुव्रीही झाले. इंद्र ज्याचा शत्रू, म्हणजे इंद्र ज्याला मारणारा, असा अर्थ झाला. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. या कथेत मला सर्वांत भयावह वाटते ते हे की यज्ञ मध्येच थांबला नाही. पद अशुद्ध नव्हतेच, ते दुसऱ्या अर्थाचे शुद्ध पद होते. सर्व आहुती यथासांग पडल्या आणि फळ उलटे आले.

येथून संगणकाकडे वळतो. माझ्या धाकट्या भावाची मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "काका, बाराव्या ओळीत चूक आहे म्हणतोय हा, आणि बाराव्या ओळीत काही चूकच नाही!" दोघांनी मिळून पाहिले. चूक अकराव्या ओळीत होती. तिच्या शेवटी द्यायचा अर्धविराम राहून गेला होता. मला तेव्हा अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तील एक विवेचन आठवले. वाक्याचा अर्थ होण्यासाठी तीन गोष्टी लागतात असे आपली परंपरा सांगते: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. 'गाय, घोडा, पुरुष, हत्ती' अशी पदे ओळीने उच्चारली तर त्यांना एकमेकांची अपेक्षा नसते, म्हणून वाक्य होत नाही. अर्थाला बाध न येणे ही योग्यता. 'विस्तवाने शिंपतो' हे तिच्या अभावाचे ठरीव उदाहरण. आणि पदे विलंब न लावता जवळजवळ उच्चारणे हा संनिधी. एक पद आता आणि दुसरे प्रहराने म्हटले तर वाक्य हाती लागत नाही.

यंत्राला बारावी ओळ चुकीची का वाटली, ते आकांक्षेच्या भाषेत नीट सांगता येते. अकरावी ओळ संपली तरी यंत्राची अपेक्षा संपलेली नव्हती. ते पुढील पदाची वाट पाहत बाराव्या ओळीत शिरले आणि तेथे त्याचा अपेक्षाभंग झाला. जेथे अपेक्षा भंगली तेथे त्याने बोट ठेवले. चूक कोठे झाली हे त्याला कळत नाही, आपली अपेक्षा कोठे मोडली एवढेच कळते. संगणकाची वाक्यरचना म्हणजे हे आकांक्षेचे शास्त्र आहे, आणि ते अत्यंत कठोर आहे. तेथे 'साधारण बरोबर' असा वर्ग नाही. द्वारपाल एकतर आत सोडतो किंवा परतवून लावतो.

योग्यतेचाही थोडा विचार यंत्र करते. संख्येत माणसाचे नाव मिळवू पाहिले तर अनेक संगणकभाषा हरकत घेतात. पण ती योग्यता प्रकारापुरती असते. कर्जावरचे व्याज मिळवायचे होते आणि आपण वजा केले, तर दोन्ही संख्याच असल्याने यंत्र मुकाट्याने वजाबाकी करते. तो त्वष्ट्याचा यज्ञ होय.

आता एक उदाहरण घेऊ. यात माणसाची आणि यंत्राची वाट कोठे फुटते ते स्पष्ट दिसते. समजा मी घरातून निघणाऱ्या मुलाला सांगितले: "पाऊस असेल तर, छत्री असेल तर, बाहेर जा, नाहीतर घरी थांब." यातील 'नाहीतर' कोणत्या 'तर'ला जोडायचे? पाऊस नसेल तर घरी थांबायचे, की पाऊस आहे पण छत्री नाही तर घरी थांबायचे? मुलगा क्षणाचाही विचार न करता दुसरा अर्थ घेईल. यंत्रही दुसराच अर्थ घेईल. संगणकाच्या जगात हा जुना पेच आहे. 'सी' आणि 'पास्कल' या भाषांनी नियम करून टाकला की 'नाहीतर' हे सर्वांत जवळच्या मोकळ्या 'जर'चे. दोघांचे उत्तर एक आले म्हणून दोघांनी एकच काम केले असे वाटते.

आता वाक्य किंचित बदलू. "पाऊस असेल तर, छत्री असेल तर, ती घे; नाहीतर उन्हाची टोपी घाल." रचना तीच, शब्दांचा क्रमही तोच. परंतु आता मुलगा 'नाहीतर' पावसाला जोडील. पाऊस नसेल तर ऊन असेल आणि उन्हात टोपी लागेल, हे त्याला ठाऊक आहे. यंत्र मात्र पूर्वीच्याच नियमाने छत्रीला जोडील, आणि पाऊस पडत असून छत्री नसलेल्या माणसाला उन्हाची टोपी घालायला लावील. पहिल्या वाक्यात यंत्राचे उत्तर बरोबर आले ते संनिधीच्या जोरावर, मुलाचे आले ते योग्यतेच्या जोरावर. दोन वाक्यांच्या मध्ये मुलाने रचनेची जोडणीच बदलली आणि आपण ती बदलली हे त्याच्या ध्यानातही आले नाही. यंत्रासाठी रचना आधी ठरते आणि मग तीतून अर्थ काढला जातो. माणसाच्या भाषेत रचना आणि अर्थ एकमेकांना हात देत ठरत जातात. दोन्हींना आपण 'वाक्यरचना' हा एकच शब्द वापरतो, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मुद्दाम एक असे इंग्रजी वाक्य रचले, की व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आणि अर्थदृष्ट्या वेडगळ ठरावे. आकांक्षा आहे, योग्यता नाही, असे अन्नंभट्ट म्हणाला असता. रचना अर्थापासून वेगळी काढता येते, हे चॉम्स्कींना दाखवायचे होते आणि अभ्यासासाठी ती वेगळी काढणे फलदायीही ठरले. परंतु शवविच्छेदनाने हाडांचा सांगाडा वेगळा दाखवता येतो, म्हणून चालणारा माणूस सांगाड्याच्या जोरावर चालतो असे होत नाही. मराठीतला 'च' घ्या. 'मीच पत्र लिहिले', 'मी पत्रच लिहिले', 'मी पत्र लिहिलेच'. घटना एकच. पहिल्या वाक्यासमोर 'कोणी लिहिले' असा संशय घेणारा उभा आहे, दुसऱ्यासमोर 'नुसते पत्रच का' असे विचारणारा, आणि तिसऱ्यासमोर 'लिहू नकोस' असे बजावणारा. वाक्याच्या रचनेत येथे ऐकणारा माणूस दडलेला आहे. ज्या मर्ढेकरांच्या कवितेला दुर्बोध म्हटले गेले, त्यांच्या तुटक वाक्यांतही असाच तुटलेल्या काळाचा ऐकणारा उभा असतो. द्वारपालाने ती वाक्ये परतवली असती.

याचा अर्थ संदिग्धता नेहमीच सुंदर असते, असा कोणी घेऊ नये. मी तसे म्हणूच शकत नाही. १९९४ च्या सुमारास एका कार्यालयात असताना जुने दप्तर नष्ट करण्याचा आदेश निघाला. मसुदा माझा होता. आमचा कारभार हिंदीतून. मी लिहिले होते: 'पाँच वर्ष से पुराने रजिस्टर और निराकृत नस्तियाँ नष्ट की जाएँ.' आमच्या प्रदेशात फाइलीला नस्ती म्हणतात. पाच वर्षांहून जुनी रजिस्टरे, आणि निकाली निघालेल्यांपैकीही पाच वर्षांहून जुन्याच नस्त्या, असे माझ्या मनात होते. ज्या लिपिकाकडे काम गेले त्याने 'पाँच वर्ष से पुराने' हे फक्त रजिस्टरांना जोडले आणि निकाली निघालेली प्रत्येक नस्ती, अगदी मागील वर्षाची देखील, रद्दीत काढली. त्याची चूक नव्हती. 'पुराने' हे पुल्लिंगी रूप रजिस्टरालाच जुळते, नस्त्यांना ते 'पुरानी' झाले असते. व्याकरण त्याच्या बाजूने होते. माझ्या बाजूने फक्त माझे मन होते, आणि ते कागदावर नव्हते.

त्या रद्दीत एका भृत्याच्या वेतननिश्चितीची नस्ती गेली. दोन वर्षांनी तो निवृत्त झाला, तेव्हा कागदावाचून त्याचे निवृत्तिवेतन चौदा महिने अडले. तो दर पंधरवड्याला यायचा, दाराशी उभा राहायचा आणि विचारायचा, "साहब, कागज़ मिला क्या?" त्याने मला कधी दोष दिला नाही, कारण तो मसुदा माझा होता हे त्याला ठाऊकच नव्हते. मीही ते त्याला सांगितले नाही. आजवर कोणालाही सांगितलेले नाही. त्या वाक्याला कोणत्याही व्याकरणशिक्षकाने लाल रेघ मारली नसती. यंत्राच्या भाषेत मला कंस घालावे लागले असते, विशेषण किती लांब पोहोचते ते सांगावे लागले असते, आणि एक वृद्ध माणूस चौदा महिने दाराशी उभा राहिला नसता. आदेश, कायदा, औषधाची चिठ्ठी, येथे संगणकभाषेची शिस्त माणसाच्या भाषेनेही घ्यावी, या मताचा मी आहे. पण ही शिस्त लिहिणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायची असते. बोलणाऱ्याच्या डोक्यावर ती मारायची नसते.

आता आमच्या 'जेवून राहिलो'कडे येतो. पुतणीने पुण्यातील आतेबहिणीला संदेश पाठवला: 'आजी जेवून राहिली आहे, नंतर फोन करते.' बहिणीचे उत्तर आले: 'जेवून राहिली म्हणजे? आजी आज कुठे मुक्कामाला आहे का?' आम्ही पोट धरून हसलो. पण गंमत बाजूला ठेवून पाहिले, तर दोघींनीही रचना अचूक वाचली होती. पुण्यात 'जेवून' हे पूर्वकालवाचक रूप आहे, आधी जेवली आणि मग राहिली. आमच्याकडे 'जेवून राहणे' ही एकच क्रिया आहे आणि ती चालू असल्याचे ती सांगते. हिंदीच्या 'खा रही है' या रचनेच्या सहवासात तिला हे वळण लागले असावे. अशी रचना नागपूर-वऱ्हाडाकडेही ऐकू येते. ही चूक असती तर ती प्रत्येकाने आपापल्या परीने केली असती. आमच्याकडे मात्र आजी, दूधवाला आणि प्राध्यापक सर्वजण ती एकाच पद्धतीने, एकाच अर्थाने आणि एकाच जागी वापरतात. जे इतक्या नियमाने घडते त्याला नियमभंग कसे म्हणावे? तो दुसरा नियम आहे.

याबाबत अंतिम शब्द पतंजलीचाच मानावा असे मला वाटते. तो म्हणतो त्याचा आशय असा: घडा हवा असलेला माणूस कुंभाराकडे जाऊन 'घडा करून दे' असे सांगतो, पण शब्द वापरायचा आहे म्हणून कोणी वैयाकरणाकडे जाऊन 'शब्द करून दे' असे म्हणत नाही. वापर आधी, व्याकरण नंतर. संगणकभाषांची गोष्ट नेमकी उलट आहे. त्या कुंभाराच्याच घरी घडतात. डेनिस रिची यांनी 'सी' घडवली, गिडो व्हान रोसम यांनी 'पायथॉन' घडवून १९९१ साली लोकांसमोर ठेवली. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवून लिहिली यावर अर्थ ठरतो, कारण घडवणाऱ्याने तसे ठरवले. तेथे नियम आधी आणि वापर नंतर, म्हणून तेथे 'चूक' या शब्दाला निश्चित अर्थ आहे. संस्कृतला संगणकभाषा म्हणणारा तिचा गौरव करीत नाही. ज्या भाषेत माणसे भांडली, प्रेमात पडली आणि श्लेष करून हसली, तिला तो कुंभाराचे मडके करतो. आणि 'जेवून राहिलो'ला विटंबना म्हणणारा आमच्या आजीला, तिने घडवून न घेतलेल्या मडक्याबद्दल, जाब विचारतो.

गेल्या काही वर्षांत या वादाला एक अनपेक्षित वळण लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले आणि त्यानंतर तशी अनेक यंत्रे आली. ती मराठीत वाक्ये लिहितात. त्यांना कोणी दामल्यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' नियमवार शिकवले नाही. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांच्यापुढे ठेवला गेला आणि त्यातून त्यांनी भाषेची वळणे उचलली. म्हणजे संगणकही अखेर पतंजलीच्या वाटेने आला, वापर आधी. ज्यांना वाटत होते की यंत्राला नियमबद्ध, निर्दोष भाषाच कळेल, त्यांच्या विधानाचा पायाच यामुळे निघाला. नियमांची शुद्धता नव्हे, मजकुराची विपुलता यंत्राला उपयोगी पडली. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही यंत्रे वाक्यरचनेत क्वचितच अडखळतात, पण कधी कधी सफाईदार वाक्यात धादांत असत्य सांगून जातात. निर्दोष वाक्य म्हणजे खरे वाक्य नव्हे, हे मी एका आदेशाच्या मसुद्यावरून शिकलो होतो. आता ते सर्वांनाच शिकावे लागणार आहे.

परवा पुतणीने आजीवरचा एक छोटा लेख अशाच एका यंत्राला तपासायला दिला. त्यात 'आजी देवाला फुले वाहून राहिली होती' असे वाक्य होते. यंत्राने ते नम्रपणे बदलून 'वाहत होती' असे केले. त्याने वाचलेल्या ढिगाऱ्यात आमची मराठी फारशी नसावी, कारण आम्ही ती बोललो, पण लिहिताना प्रत्येक वेळी लाजून पुण्याची वाक्ये लिहिली. पुतणीने विचारले, "काका, कोणते ठेवू?" मी क्षणभर थांबलो. शासकीय सवयीने 'प्रमाण तेच ठेव' असे ओठांवर आले होते. मग म्हटले, "आजी त्या वेळी काय करत होती ते ज्या वाक्यात तुला दिसते, ते ठेव." तिने आपलेच वाक्य ठेवले.